देव नाहीतर खडी

आमच्या जालना जिल्ह्यात दगडाला दोनच नोकऱ्या मिळतात. एक देवाची, दुसरी खडीची. शेंदूर लागला की तो देव, सुरुंग लागला की ती खडी. ज्याला यातली एकही लागली नाही, तो सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून पडून राहतो. त्याच्याबद्दल गावात विचारा, तालुक्याला विचारा, आमच्या घरी विचारा, उत्तर एकच: ‘तिथं काय आहे? काहीच नाही.’

माझं भांडण या ‘काहीच नाही’शी आहे.

मी जालन्याचा. पुण्यात कोड लिहून पोट भरतो. माझ्या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनला तुम्ही दोनच पर्याय ठेवलेत, तर जगात तिसरं काही असलं तरी ते तुमच्या सिस्टीमला कधीच दिसत नाही. लोक नाइलाजाने दोन्हीपैकी एक काहीतरी निवडतात, आणि वर्षभराने कुणीतरी डेटा बघून म्हणतं, बघा, तिसरं काही नव्हतंच. आमच्या डोंगरांचं नेमकं हेच झालंय. गुगल मॅप उघडून मी ज्या भागाबद्दल बोलतोय तो बघितला, तर त्या टेकडीच्या आसपास दोन खुणा दिसतात. एक कुठलंसं संस्थान, एक स्टोन क्रशर. मधे नुसता करडा रंग.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज उरकल्यावर मी आणि बायको त्या करड्या रंगात दिवसभर चालून आलो. ती रत्नागिरीकडची. सड्यावर वाढलेली. तिला दगड कळतात, म्हणजे दगडावर कुठे पाय ठेवायचा ते कळतं. ऑफिसात सुट्टीआधी सगळे आपापले बेत सांगत होते. कुणी हंपी, कुणी कापाडोकिया. एकाचं आइसलँडचं चाललं होतं, तिथल्या काळ्या खांबांच्या समुद्रकिनाऱ्यावर फोटो काढायचे होते. आम्ही जालना म्हटल्यावर समोरच्याने सहानुभूतीने मान हलवली. ‘घरी जायलाच लागतं ना.’

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन, आणि तिथून वर अजिंठ्याच्या रांगेकडे. राजूरचा गणपती सगळ्यांना माहीत आहे. वर जाळीचा देव सगळ्यांना माहीत आहे. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार व्यापाऱ्यांना माहीत आहे. या नावांच्या मधे जे पसरलेलं आहे त्याला नाव नाही, आणि आम्हाला तेच बघायचं होतं. टेकडी कुठली ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितली तर पुढच्या रविवारी तिथे रील होईल, त्याच्या पुढच्या रविवारी वेफरची पाकिटं.

खाली कापसाची वेचणी चालू होती, मक्याची कणसं वाळत पडली होती. वर चढायला लागलो तसं गवत पिवळं, कुसळं पँटला चिकटायला लागलेली, मधेच सीताफळाची झुडपं, त्यांवर पाखरांनी अर्धी खाल्लेली फळं. आणि मग दगड. हे आपलं दख्खन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, पुन्हा त्यावर नवा आला. असा थरांवर थर. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरलाय. भूगर्भशास्त्रात त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ट्रॅप हा सापळा नाही, स्वीडिश भाषेतली पायरी आहे. लांबून बघितलं की डोंगर खरंच पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: टणक थराची सरळ कड, मग मऊ थराचा उतार, मग पुन्हा कड. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याची एक खेप.

एका ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाची पट्टी होती, हातभर जाडीची. बायको म्हणाली, ‘ही माती आमच्याकडची वाटते.’ तशी नाही, पण तिचं फार चुकलंही नव्हतं. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, तेव्हा वरचा दगड ऊनपावसात कुजला, लाल झाला, आणि मग पुढच्या लाव्ह्याने त्याला झाकून भाजून काढलं. ती पट्टी म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी. आम्ही आमच्या सुट्टीत तिला टेकून डबा खाल्ला.

पुढे ओढ्याच्या कोरड्या पात्रात दगडाला पाचकोनी, षटकोनी भेगा होत्या, फरशी बसवल्यासारख्या. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. आकसणं सगळीकडे सारखं झालं तर तडे असे कोनाकोनाचे पडतात, आणि खोलवर गेले तर त्यांचे खांब होतात. उत्तर आयर्लंडमध्ये ‘जायंट्स कॉजवे’ नावाचा किनारा आहे, तिथे असे चाळीसेक हजार खांब आहेत. वय सुमारे सहा कोटी वर्षं, म्हणजे आमच्या दगडापेक्षा जरा धाकटाच. दगड तोच, बेसाल्ट. १९८६पासून तो जागतिक वारसा आहे आणि जगभरातून लोक विमानाने तो बघायला जातात. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीजवळ २०२१ साली असेच खांब उघडे पडले. कशामुळे? रस्त्याचं काम चालू होतं म्हणून. म्हणजे आपल्याकडे दगड सापडतो तोही खडीच्या वाटेवरच.

जालन्याच्या दगडाची गंमत तर वेगळीच आहे. लाव्ह्यात गॅसचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात, आणि पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढतात. पांढरे, गुलाबीसर, हिरवट. झिओलाइट आणि त्यांची भावंडं. विहीर खणणाऱ्यांना आणि खदानीत काम करणाऱ्यांना हे कायम सापडतात. परदेशातल्या खनिज विकणाऱ्यांच्या वेबसाइटवर जा, ‘अपोफिलाइट’, ‘स्टिलबाइट’ शोधा, आणि खाली लहान अक्षरात गाव वाचा. ‘जालना, महाराष्ट्र, भारत’ असं लिहिलेलं सापडतं. अमेरिकेत अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात दर हिवाळ्यात खनिजांचा मोठा बाजार भरतो, तिथे दख्खनच्या स्फटिकांची टेबलं असतात. कुणी ते संग्रहाला घेतं, कुणी ‘हीलिंग क्रिस्टल’ म्हणून उशाशी ठेवतं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय सोडलं तर आपल्या किती पोरांनी ते बघितलेत? ज्या जिल्ह्याच्या पोटातला दगड अमेरिकेत काचेच्या कपाटात बसतो, त्या जिल्ह्यात शाळेची सहल मात्र जिल्ह्याबाहेर जाते. कारण इथं काहीच नाही.

आता देवाबद्दल. मला देवाचं वावडं नाही, आणि हे कबूल करायलाच हवं की देवाने दगड वाचवलेत. अंबडची मत्स्योदरी बघा. माशाच्या आकाराची टेकडी म्हणून देवीचं नावच तसं. कुणीतरी फार पूर्वी त्या टेकडीकडे नीट बघितलं, तिचा आकार ओळखला, आणि मग तिथे देवी आली. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल, दोनशे फुटांचा बेसाल्टचा उभा सुळका, आजूबाजूला इमारतींनी गिळलेला. त्याच्याही माथ्यावर गावदेवी आहे.

पण देव झाल्यावर दगडाचं पुढे काय होतं तेही बघा. पहिल्या वर्षी शेंदूर. दुसऱ्या वर्षी पत्र्याचं शेड. मग कुणाच्या तरी निधीतून सभामंडप, मग ‘ब वर्ग तीर्थक्षेत्रा’च्या यादीत नाव, मग पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, कमान, कमानीवर आमदारांचा फोटो. शेवटी मूळ दगडाला गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल्स लावून असा चिणतात की देवाचा चेहरा तेवढा टाइल्समधून बाहेर राहतो. ज्या डोंगराकडे बघून कुणाला देवी सुचली, तो डोंगर दर्शनाच्या रांगेतून दिसतच नाही. देवपण हे दगडाला मिळालेलं संरक्षण आहे, मान्य. पण ते दगड न बघण्याचीही सोय आहे.

दुसरी नोकरी खडीची. तिचा हिशेब ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कायद्याच्या भाषेत हा काळा पाषाण ‘गौण खनिज’. गौण! ज्याच्यावर अख्खा महाराष्ट्र उभा आहे, ज्याच्यातून अजिंठा कोरला, तो गौण. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा पलीकडच्या बाजूला अर्धी टेकडी नव्हती. केक कापावा तशी कापलेली. खाली हायवांची रांग, धुळीचा पडदा, आणि कापलेल्या भिंतीवर तीच सुंदर विटकरी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरं सांगायचं तर तो थर त्या दिवशीचा सगळ्यात स्पष्ट तिथेच दिसला. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमच्याकडे सडा असाच जातो. चिऱ्याला.’

इथे मला ठरलेली उत्तरं येणार आहेत, ती ऐकून ऐकून पाठ झालीत. पहिलं: तुला काय जातं पुण्यात बसून बोलायला, रस्ते नकोत का? हवेत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो जालन्यातून जातो. त्याखाली कुठल्या ना कुठल्या टेकड्या आहेत हे सरळ आहे. खडी लागतेच. माझा प्रश्न एवढाच आहे की कुठली टेकडी जाणार आणि कुठली राहणार हे कोण ठरवतं, आणि कशावरून. आज फाईलवर वस्तीपासूनचं अंतर बघतात, रस्त्यापासूनचं बघतात, देवळापासूनचं बघतात. त्या टेकडीवर स्वतःचं असं काय आहे, हा रकानाच नाही. रकाना नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून ‘काहीच नाही’.

दुसरं उत्तर जास्त टोचणारं आहे: पोट भरलेल्यांची चैन. इथं पाण्याचे वांधे, टँकर येतात, आणि तुम्हाला दगडाचं सौंदर्य सुचतंय. पण पाणी कुठे असतं बेसाल्टमध्ये? अखंड दगडात नसतंच. ते भेगांत असतं, दोन थरांच्या सांध्यात असतं, वरच्या कुजलेल्या मुरमात असतं. जुने विहीर खणणारे ‘मांजऱ्या लागला’ म्हणायचे ते याच हिशेबाने, कुठला थर पाणी देईल ते हाताला लागणाऱ्या दगडावरून सांगायचे. डोंगराची भेगाळ, मुरमाड कड खरवडून नेली, तर पावसाने मुरायचं कुठे? जालन्यासारख्या जिल्ह्यात दगड ओळखता येणं ही चैन नव्हती, ते पोटापाण्याचंच ज्ञान होतं. आपण ते टाकून दिलं आणि वरून त्याला चैन म्हणायला लागलो.

ते अजून कुणाकडे शिल्लक आहे, तेही त्या दिवशी कळलं. उतरताना मेंढ्या घेऊन एक म्हातारे बाबा भेटले.

‘कुठले पाव्हणे?’

‘जालन्याचे, बाबा.’

‘देवाला आले व्हय?’

‘नाही, असंच. दगड बघायला.’

‘दगड?’ ते हसले. हिच्याकडे बघून म्हणाले, ‘पोरी, यानं तुला दगड बघायला आणलं?’ मग थोडा वेळ मेंढ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘चला मंग, दावतो.’

पुढचा तासभर त्यांनी आम्हाला फिरवलं. एक फुगलेला, गुळगुळीत धोंडा, त्याचं नाव पखाल. दोन उभे दगड एकमेकांकडे पाठ करून, त्या सासू-सून. एक सपाट कातळ, त्यात वीतभर खोल खळगे, त्याला ते उखळ्या म्हणाले. ‘हितं संक्रांतीपतूर पाणी ऱ्हातं, मेंढरं पितेत.’ एका कडेखाली दुपारी किती वाजेपर्यंत सावली असते ते त्यांना माहीत होतं. कुठल्या घळीत साप असतो तेही. एकाही दगडाला शेंदूर नव्हता. एकाही दगडाला भाव नव्हता. हिने मोबाइलवर नावं टिपून घेतली, अकरा झाली.

तिसरा पर्याय हा असा आहे. तो मला आइसलँडहून आणायचा नाही. तो इथे होताच, फक्त ज्यांच्याकडे होता त्यांना फॉर्म भरायला कुणी बोलावलं नाही. केंद्र सरकार ‘वेस्टलँड अॅटलस’ काढतं, म्हणजे देशातल्या पडीक जमिनीचा नकाशा. त्यात उघड्या खडकाळ जमिनीचा वेगळा वर्ग आहे. उपग्रहातून पडीक दिसणाऱ्या जमिनीवर बाबांची अकरा नावं आहेत. कोकणातला सडाही असाच पडीक समजला जायचा. मग काही हौशी माणसं वर्षानुवर्षं गावागावांतून फिरली, गुराख्यांना विचारत राहिली, आणि कातळशिल्पं जगापुढे आली. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सडा तोच होता. विचारणारे नवे होते.

त्या दिवशी बाबांच्या आधी आम्हाला तिघांनी थांबवलं होतं. मोटरसायकलवरच्या एकाने विचारलं, ‘जागा बघायला आले का?’ दुसऱ्याने हिला विचारलं, ‘मॅडम सर्वेच्या का?’ तिसरी दोन पोरं होती. त्यांनी काही विचारलं नाही, आधी हिच्या गळ्याकडे बघितलं. ही मंगळसूत्र घालत नाही. मग एक म्हणाला, ‘काहून आले इकडं? हितं काय हाय?’ आवाजात चौकशी नव्हती, तपासणी होती. मी नवरा-बायको आहोत असं सांगून टाकलं असतं, पण ही पुढे होऊन म्हणाली, ‘डोंगर आहे ना.’ पोरं गोंधळली, कारण हे उत्तर त्यांच्या यादीत नव्हतं. थोडं घुटमळून निघून गेली.

म्हणून मी म्हणतो की हा फक्त दगडांचा प्रश्न नाही. जिथे ‘काहीच नाही’, तिथे जाणाऱ्या माणसाला कारण द्यावं लागतं. बाईने डोंगर चढायला नवस लागतो, सरपण लागतं, रोजगार लागतो. नुसती हौस चालत नाही, आणि बरोबर पुरुष असेल तर त्याचं नातं सिद्ध करायला लागतं. जे नातं सिद्ध करू शकत नाहीत त्यांचं काय होतं, हे या वयाच्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्या जिल्ह्यात एकत्र बसायला जागा शोधणाऱ्या जोडप्यांना हॉटेलची फॅमिली रूम आहे, देवळामागची बाजू आहे आणि भीती आहे. डोंगर रिकामे आहेत आणि तिथे जाता येत नाही.

हा हक्क कुठेही आयता मिळालेला नाही. इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो माणसं मुद्दाम चालत गेली. गिरणी कामगार, तरुण पोरंपोरी. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता, फिरायला बंदी होती. पाच जणांना तुरुंगवास झाला, रखवालदारांशी झालेल्या झटापटीतून लावलेल्या आरोपांवरून. मोकळ्या माळांवर चालण्याचा हक्क तिथे कायद्याने यायला २००० साल उजाडलं. स्वीडनमध्ये निसर्गात फिरण्याचा सगळ्यांचा हक्क १९९४पासून थेट राज्यघटनेत आहे. आमच्याकडे बंदीचा बोर्ड नाही. बोर्डाची गरजच नाही, ‘काहून आले’ पुरतं.

मग काय, पर्यटनस्थळ करायचं? कृपा करून नको. रेलिंग, तिकीटखिडकी आणि ‘आय लव्ह’ लिहिलेला लाल बदाम, ही टेकडीची तिसरी नोकरी मला नको आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांसाठी कायद्याचा मसुदा काढला होता. असा कायदा यावा, लोणारसारख्या ठिकाणांना त्याचा उपयोग होईल. पण लोणार एकच असतं. बाबांच्या सासू-सुनेला राष्ट्रीय स्मारक कोण करणार, आणि कशाला करावं?

मला यापेक्षा फार स्वस्तातलं काहीतरी हवं आहे. तुमच्या गावाला टेकडी असेल तर मेंढरं वळणाऱ्या, सरपणाला जाणाऱ्या, विहिरी खणलेल्या माणसांना विचारा. दगडांची नावं लिहा, पाणी कुठे साठतं ते लिहा. बरोबर बायकोला न्या, मैत्रिणीला न्या, आईला न्या. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून ती यादी वाचा, इतिवृत्तात घ्यायला लावा. लोक हसतील. ग्रामसेवक विचारेल की हा विषय कशात बसवू. कशातही बसवा म्हणावं, ‘इतर’मध्ये बसवा. पण त्या वहीत निळ्या शाईत ‘सासू-सून’ लिहिलेलं असलं, तर पुढच्या वेळी खदानीची फाईल येईल तेव्हा कुणाला तरी निदान विचारावं लागेल, या दोघी कोण.